स्लो न पकडणारी गाडी : एका न लिहिलेल्या विद्येचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्त, तलवार आणि तहनामे उभे राहतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की मुलांना जेम्स वॅटचे नाव पाठ होते, वाफेच्या इंजिनाची आकृती काढता येते. पण ते इंजिन बिघडल्यावर ज्यांनी दुरुस्त केले त्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळही सापडत नाही. यंत्र शोधणारा एखादाच असतो, ते चालते ठेवणारे लाखो असतात. या लाखोंचा इतिहास कोणी लिहायचा?

भिवंडीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. आमचे शहर यंत्रावरच जगते. गल्लीबोळांत यंत्रमागांचा खडखडाट आहे, शहरातून जुना मुंबई-आग्रा रस्ता जातो, आणि पूर्णा, वळ, मानकोली, काल्हेर या गावांत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. माल आला की गाड्या आल्या, गाड्या आल्या की गॅरेज आले. वर्गातल्या मुलांना विचारावे तर कोणाचे वडील मागावर असतात, कोणाचे मामू गॅरेजमध्ये. या मुलांच्या घरी जी विद्या आहे, तिला शाळेत नाव नाही आणि ग्रंथालयात पुस्तक नाही.

ही विद्या किती खोल असते हे दाखवण्यासाठी मी मोठमोठ्या यंत्रांकडे न जाता एक लहानसा बिघाड निवडला आहे. गाडी चालताना ठीक चालते, पण सिग्नलला थांबली, ड्रायव्हरने रेस सोडली की इंजिन दोन-चार हिसके देते आणि बंद पडते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी स्लो पकडत नाही’. कल्याण नाक्यावरच्या कोंडीत ज्यांची गाडी अशी बंद पडली आहे, त्यांना या बिघाडाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पळणे सोपे, उभे राहणे अवघड

सर्वसामान्य माणसाला वाटते की इंजिनाला जोर लागतो तो वेगात पळताना. जोर तेव्हाच लागतो हे खरे. पण पेट्रोल इंजिनाची खरी कसोटी असते ती जागेवर उभे राहून मंद चालण्याची.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक असे 400 स्फोट होतात. चारही मिळून 1600, म्हणजे सेकंदाला सुमारे 27. यातला प्रत्येक स्फोट अगदी दुबळा असतो. तो फक्त इंजिनाचे स्वतःचे घर्षण भागवण्यापुरता असतो, हातात शिल्लक काही राहत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची कमाई जशी संध्याकाळी चूल पेटवण्यातच संपते, तशी ही अवस्था. एक दिवस काम चुकले की घर कोलमडते, तसे दोन-चार स्फोट चुकले की इंजिन थांबते.

यात आणखी एक अडचण आहे. पेट्रोल पूर्णपणे जळायचे तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते. गाडी वेगात असताना कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात वाहते, तिथला दाब कमी होतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते. पण पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते, गळ्यातली हवा मंदावते आणि मुख्य जेट काम सोडून देते. तेव्हा पेट्रोल येते ते एका वेगळ्या, बारीक वाटेने. या वाटेवरच्या स्लो जेटचे भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. भरतकामाच्या सुईलाही तिथे शिरणे कठीण. टाकीत गंजाचा एखादा कण असला, पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब असला, तर तो नेमका इथे अडकतो. मोठ्या वाटेवरून गाडी पळत राहते आणि लहान वाट बंद झाल्याचे ड्रायव्हरला सिग्नलवरच कळते.

तरंगता गोळा

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात इंजिनाला पेट्रोल पाजणे हाच मोठा प्रश्न होता. कार्ल बेन्झने 1886 मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा त्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची युक्ती होती. 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मेबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्बोरेटर तयार केले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी याच तत्त्वावर चालल्या.

या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी कुंडी असते. तिच्यात एक पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल वर आले की फ्लोट वर येतो आणि निमुळत्या टोकाची सुई भोकात बसून वाट बंद करतो. पेट्रोल उतरले की फ्लोट उतरतो आणि वाट उघडतो. कोणी न सांगता पातळी कायम राहते. आपल्या घराच्या पाण्याच्या टाकीतला बॉल-कॉक हेच काम करतो.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियसच्या जलघड्याळात पातळी राखणारा तरंगता भाग होता. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन भावांनी ‘किताब अल्-हियल’ हा यांत्रिक करामतींचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या सुमारे शंभर उपकरणांत शंकूच्या आकाराच्या झडपा आणि तरंगते गोळे यांचा सफाईदार वापर आहे. पुढे दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या बदीउज्जमान अल्-जझरी याने 1206 मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. त्याच्या जलघड्याळातही तरंगता गोळा आणि निमुळती झडप पाण्याचा प्रवाह एकसारखा ठेवतात.

जझरीच्या ग्रंथातून ही कल्पना थेट मेबाखच्या कारखान्यात गेली, असा दावा मी करणार नाही. अशा दाव्यांनी घटकाभर छाती फुगते, पण पुरावा मागितला की मान खाली घालावी लागते. मला जझरीची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. तो हाताने काम करणारा कारागीर होता. जे स्वतः बनवले, तेच त्याने लिहिले. भाग कसा ओतायचा, झडप जागेवर घासून घट्ट कशी बसवायची, हे त्याने आकृत्यांसह नोंदवले. त्याच्या राजाने, नासिरुद्दीन महमूदने, त्याच्याकडून हा ग्रंथ मागून घेतला. म्हणून आठशे वर्षांनंतरही आज त्याची घड्याळे पुन्हा बनवता येतात. त्याच्या काळात इतरही उस्ताद असतील. त्यांनी लिहिले नाही आणि ते विस्मरणात गेले.

कुर्ल्याची गाडी

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथच्या गाड्या निघाल्या. 1950 च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाल्यावर फियाट 1100 आली. 1964 मध्ये तिचेच ‘डिलाइट’ हे रूप आले, 1970 च्या दशकात ती आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर, प्लगला ठिणगी पुरवणारे डिस्ट्रिब्यूटर आणि त्यातले पॉइंट : एवढ्या सामग्रीवर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी चाळीसएक वर्षे धावली. 1990 च्या दशकात मुंबईत साठ हजारांहून अधिक टॅक्सी होत्या आणि त्यांत बहुसंख्या याच गाडीची होती.

टॅक्सीचा धंदा म्हणजे दिवसभर थांबणे आणि निघणे. सिग्नल, गिऱ्हाईक, पुन्हा सिग्नल. त्यामुळे ‘स्लो’चा बिघाड टॅक्सीवाल्याच्या पोटावर येत असे. इंजिन दर सिग्नलला बंद पडले तर बॅटरी बसते, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, गिऱ्हाईक उतरून दुसरी टॅक्सी धरते. यातूनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुढे ठाणे, मुंब्रा, भिवंडीपर्यंत छोट्या गॅरेजांची एक साखळी उभी राहिली. चोर बाजारात जुना कार्बोरेटर मिळायचा, कुर्ल्यात गॅस्केट मिळायचे आणि रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, दोन पाने व एक पेचकस घेऊन बसलेला उस्ताद मिळायचा.

त्या गॅरेजची भाषा पाहा. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. ‘उस्ताद’, ‘शागिर्द’, ‘कारीगर’ आणि खुद्द मराठीतला ‘दुरुस्ती’ हे फारसीतून आले. ‘मरम्मत’ अरबी आहे. कार्बोरेटर, जेट, चोक हे साहेबाच्या बोटीतून उतरले. ‘कचरा अडकलाय’ हे अस्सल आपले. भाषाशुद्धीचे वाद चालोत न चालोत, गॅरेजमध्ये या सगळ्या भाषा एकाच बाकावर बसून चहा पितात.

कानांची विद्या

गाडी स्लो पकडत नाही, हे सांगितल्यावर चांगला उस्ताद लगेच पाना उचलत नाही. तो आधी विचारतो. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? उभ्या उभ्या पडते की ब्रेक दाबल्यावर? दिवे लावले की पडते का? पेट्रोल कुठे भरले? हकीम नाडी धरण्याआधी जशी विचारपूस करतो, तशीच ही. उत्तरांनी अर्धे निदान होते. थंडीत बंद पडत असेल तर चोककडे संशय जातो, गरम झाल्यावर पडत असेल तर दुसरीकडे.

मग तो ऐकतो. इंजिनाचा ताल सारखा असून सगळेच मंद होत जात असेल, तर चारही सिलिंडरना मिळून काहीतरी कमी पडते आहे : पेट्रोल, हवेचे प्रमाण किंवा ठिणगीचा वेळ. ताल लंगडा असेल, तीन ठोक्यांनंतर चौथा गळत असेल, तर एकाच सिलिंडरचा दोष. तो शोधायला एकेका प्लगची वायर काढून पाहायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी थरथरते. दोषी सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीच कामावर नव्हता.

मग प्लग काढून त्याचे टोक पाहायचे. काळे आणि काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. त्यानंतर पॉइंट. दर ठिणगीला ते उघडतात-मिटतात, त्यामुळे त्यांच्यावर खळगा पडतो. पॉलिश पेपरने घासायचे, मधली फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायची. कंडेन्सर खराब असेल तर पॉइंट पुन्हा लवकर जळतात. म्हणून पॉइंट जळालेले दिसले की केवळ ते बदलून गाडी देणारा मिस्त्री कच्चा, ‘हे का जळाले?’ असे विचारणारा पक्का.

शेवटी कार्बोरेटर. उस्ताद एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट ठेवतो. हवा कमी केल्यावर इंजिन सुधारले, तर कुठून तरी फाजील हवा शिरते आहे. कार्बोरेटरखालचे गॅस्केट फाटले असेल, एखादी रबरी नळी तडकली असेल. वेगात असताना एवढी चोरटी हवा इंजिनाला जाणवत नाही, मंद चालताना मात्र तीच त्याचा जीव घेते. सांध्यांवर तेलाचा थेंब सोडत गेले की गळती सापडते, तिथे इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. गळती नसेल तर स्लो जेट काढून फुंकायचे. तार घालायची नाही, कारण तारेने भोक मोठे झाले की जेट कायमचे वाया जाते. मग दोन स्क्रू : एक थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहावी याचा, दुसरा मिश्रणाचा. दुसरा स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत भरदार आणि सारखा होईल तिथे थांबायचे. ही जागा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ती कानात असते.

मे महिन्यात कसाऱ्याच्या घाटात किंवा भिवंडीच्या कोंडीत वेगळाच प्रकार व्हायचा. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप रिकामा फिरायचा. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे बिडी ओढत बसायचे. फडके सुकेपर्यंत पेट्रोल पुन्हा पातळ झालेले असायचे. यामागचे भौतिकशास्त्र मी नववीच्या वर्गात बाष्पीभवनाच्या धड्यात शिकवतो. फडके टाकणाऱ्याने तो धडा वाचलेला नसतो, पण त्याला तो येत असतो.

शिसे गेले, गॅस आला

ही विद्या एकदा शिकून संपत नव्हती, कारण इंधन बदलत गेले. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. आरोग्याला ते विष, लहान मुलांच्या मेंदूला विशेषतः घातक. 1995 पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि 2000 मध्ये देशभरातून शिसे गेले. हे उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनांत त्या शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करत असे. तो गेल्यावर जुन्या गाड्यांच्या बैठका झिजण्याची भीती निर्माण झाली. बैठक झिजली की टॅपेटची फट मिटते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, दाब निसटतो आणि गाडी स्लो सोडते. कार्बोरेटर कितीही खोलला तरी फरक पडत नाही. टॅपेट पाहिल्याशिवाय निदान अपुरे, हे उस्तादांना नव्याने शिकावे लागले.

मग सीएनजी आला. मुंबईच्या धुराविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरमने 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने लाल समिती नेमली आणि पुढच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले. पेट्रोलसाठी जन्मलेल्या इंजिनावर गॅसचा रिड्यूसर आणि मिक्सर बसले. गॅस जास्त जागा व्यापतो, म्हणून हवेला जागा कमी उरते. तो हळू जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी द्यावी लागते. सिलिंडरच्या टाकीतला दाबलेला गॅस मोकळा होताना थंड पडतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनाच्या गरम पाण्याची नळी जोडावी लागते. टायमिंग, प्लगची फट, स्लोचा स्क्रू असे सगळे जुने हिशेब बदलले. हजारो टॅक्सींच्या बाबतीत हे नवे हिशेब बसवणाऱ्यांत शाळा अर्धवट सोडलेल्या कितीतरी मिस्त्रींचा वाटा होता.

इथेनॉलची गोष्टही अशीच, आणि तिची सुरुवात तर महाराष्ट्रातही झाली. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग ज्या ठिकाणी झाले, त्यांत आपले मिरज आणि मनमाड होते. 2025 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण विरळ पडते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. जुनी मोटरसायकल किंवा जुनी मारुती सांभाळणाऱ्याची गाडी आज स्लो पकडत नसेल, तर या बाजूनेही पाहायला हवे.

स्कॅनर सांगतो, पण किती?

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा ताल वेगळा होता, पण कार्बोरेटर होता, म्हणून जुनी विद्या चालत राहिली. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तशी 2000 च्या सुमारास याच गाडीत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. संगणक पेट्रोल मोजून देऊ लागला. 2010 पासून गाडीने आपला बिघाड स्वतः नोंदवावा, असा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज-6 आल्यावर नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर हद्दपार झाला.

आता मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर कोड येतो. ही प्रगती आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उभ्या गाडीचा बिघाड अजूनही चकवतो. थ्रॉटलच्या पाकळीवर काजळी साचली की मंद चालताना लागणारी हवा अडते आणि इंजिन बंद पडते. बऱ्याचदा कोड येतच नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने एकही सेन्सर मेलेला नसतो. फाटलेली व्हॅक्यूमची नळी कधी ऑक्सिजन सेन्सरच्या नावाने कोड देते, आणि ज्याला फक्त कोड वाचता येतो तो महागडा सेन्सर बदलून बसतो. ‘हे का जळाले?’ हा जुना प्रश्न विचारणारा माणूस आजही लागतो.

दुसरीकडे काळ पुढे गेला आहे. नव्या मोटारी सिग्नलला स्वतःहून इंजिन बंद करतात आणि निघताना चालू करतात, तेवढेच इंधन वाचते. एकेकाळी ज्याला बिघाड म्हणत, ते आता वैशिष्ट्य म्हणून विकले जाते! विजेच्या गाडीत तर स्लो नावाची गोष्टच उरत नाही. इकडे टॅक्सींना राज्य सरकारने 2008 मध्ये 25 वर्षांची आणि 2013 मध्ये 20 वर्षांची वयोमर्यादा घातली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. तिची वीस वर्षे भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गाडीवर हळवे लेख लिहिले. तिला जिवंत ठेवणाऱ्या हातांविषयी फारसे कोणी बोलले नाही.

वही कोण लिहिणार?

या उस्ताद-शागिर्द परंपरेचे मी केवळ गुणगान करणार नाही. तिची दुसरी बाजू आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. सातवी-आठवीत पटावरून गळालेले नाव पुढे कुठल्या तरी गॅरेजमध्ये ‘छोटू’ म्हणून ऐकू येते. पेट्रोलने हात धुणारे, जड जॅकखाली सरपटणारे, चुकल्यावर चपराक खाणारे हे मूल असते. 1986 च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक व्यवसायांच्या यादीत पुढे मोटार गॅरेजही आले आणि हातमाग-यंत्रमाग उद्योगही. म्हणजे आमच्या शहरातले दोन्ही नेहमीचे दरवाजे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला, 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर जवळजवळ सर्वत्र बंदी आली. मूल शाळेतच असले पाहिजे, यात दुमत नाही.

पण मुलाला शाळेत आणताना त्याच्या घरची विद्या दाराबाहेर ठेवायची का? उर्दूत विज्ञान आणण्याचे मोठे प्रयत्न झाले. सर सय्यद अहमद खान यांनी 1864 मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठासाठी खास अनुवाद विभाग उभा राहिला. मराठी विश्वकोशानेही इंजिनाला ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ असे नाव देऊन त्याची माहिती दिली. हे काम आदरणीय आहे. मात्र विद्यापीठातून खाली येणारे ज्ञान आणि गॅरेजमधून वर जाऊ पाहणारे ज्ञान यांची वाटेत कुठे गाठ पडली नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला दहावी पास लागते. ज्याने वीस वर्षे तीच इंजिने सोडवली, तो दहावी नसल्यामुळे दारातच थांबतो. अलीकडे, 2015 पासून, कौशल्य विकास योजनेत आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली आहे. आपल्या वस्तीतल्या किती मिस्त्रींना ती ठाऊक आहे, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

प्रमाणपत्राइतकीच गरज नोंदीची आहे. जझरीला लिहायला लावणारा राजा होता. आपल्या उस्तादांना तसा कोणी मिळाला नाही, आणि आता वेळ थोडा आहे. कार्बोरेटरच्या काळात घडलेले मिस्त्री साठी-सत्तरीला पोहोचले आहेत. कोणाचे कान गेले, कोणाची नजर गेली, कोणी दुकान मुलाला देऊन मशिदीच्या ओट्यावर बसतात. त्यांना वाटते की आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, कारण आयुष्यभर त्यांना कोणी विचारलेच नाही.

हे काम संशोधकांची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही. नववी-दहावीच्या मुलांना प्रकल्प द्यावेच लागतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यांऐवजी एक वही द्यावी. आपल्या घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या एका मिस्त्रीला भेटायचे आणि एकच बिघाड लिहून आणायचा : गाडीने काय तक्रार केली, उस्तादांनी आधी काय विचारले, मग काय ऐकले, काय उघडले, काय निघाले. ते बोलतील त्याच भाषेत लिहायचे, दक्खनी असो, कोकणी असो वा मराठी. आकृती मुलाने काढायची. खाली उस्तादांचे नाव, गाव, आणि त्यांचे उस्ताद कोण होते तेही. अशा शंभर वह्या जमल्या तर भिवंडीच्या इतिहासाचे एक साधन तयार होईल, आणि ते सनदी व फर्मानांच्या शेजारी ठेवायला लाज वाटणार नाही.

त्यातला सर्वांत मोठा लाभ वहीत दिसणार नाही. ज्या मुलाने आजवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात दबत दबत ‘गॅरेज’ लिहिले, त्याला कळेल की आपल्या अब्बांनी हात धुतल्यावरही नखांत उरणारी काळी रेघ ही एका मोठ्या विद्येची खूण आहे.